पोकळ शिळा

सन १८७४च्या सुमारास ठाण्याजवळच्या कोपरी गावाने नवी गावदेवी घडवायचं काम धोंडीबा पाथरवटाला दिलं. धोंडीबा मूळचा घाटावरचा. रेल्वेच्या पुलाच्या कामाला आला आणि कोपरीतच राहिला. त्याचा मुलगा उत्तम खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगरात दगड काढायचा. देवीसाठी काळी, बारीक कणाची शिळा त्यानेच निवडली आणि पडावात, मालाच्या मोठ्या होडीत, घालून पाठवली. त्यानंतर चौथ्या दिवशी सुरुंगाने सुटलेली दरड अंगावर आली आणि तो गेला.

तेरावं झाल्यावर धोंडीबाने शिळेवर हातोडी वाजवून पाहिली. सगळीकडे घंटेसारखा खणखणीत आवाज आला, मधोमध मात्र बद्द.

गोदूबाईने, त्याच्या बायकोने, चुलीपासूनच तो ऐकला. "पोकळ हाय."

"म्हाईत हाय."

"मग देवीला चालायची न्हाय. गावाला सांगा."

"सांगितलं तर हिची पायरी करतील. लोक पाय देतील." त्याने शिळेवर हात ठेवला. "त्यानं धाडलेली शेवटची हाय, गोदे."

तिने चुलीत लाकूड सारलं.

डोंगर थंड होताना पोटात वारा कोंडतो, म्हणून दगड पोकळ राहतो, असं धोंडीबाचा बाप सांगायचा. ती पोकळी खोल असली तर छिन्नी तिथवर पोचतही नाही. त्या आशेवर तो कामाला लागला. हळूहळू चेहरा उमटला, हात सुटे झाले. मिठागरावर जाणाऱ्या बायका अर्धवट मूर्तीपुढे थांबून नवस बोलू लागल्या. तेव्हा तो मान खाली घालून नुसताच छिन्नीला धार लावत बसायचा.

पाचव्या महिन्यात कमरपट्टा कोरताना छिन्नी आत गेली आणि मुठीएवढं भगदाड पडलं. आत पांढऱ्या, टोकदार स्फटिकांची दाटी होती. ऊन पडताच ते लखलखले. चाळीस वर्षांत इतकं देखणं काही त्याने दगडातून निघालेलं पाहिलं नव्हतं. तो तिथेच खाली बसला आणि उत्तम गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडला.

गावचा म्हातारा गोपीनाथ धावत आला. भगदाडात बोट घालून त्याने विचारलं, "यो तुला आधी नाय कलला?"

खोटं बोलता आलं असतं. "कळलं व्हतं," धोंडीबा म्हणाला.

"आमच्या बायका हिच्या पाया पडल्या रे!" गोपीनाथचा आवाज फुटला. तो पुन्हा धोंडीबाशी बोलला नाही.

भंगलेली मूर्ती खाडीत सोडायचं ठरलं. गोदूबाईने फक्त तिला आंघोळ घालू द्या म्हटलं. दोन घागरी पाणी घालून, पदराने तिने मूर्तीचं तोंड पुसलं. होडीत धोंडीबाला कुणी घेतलं नाही. तो चिखलात उभा राहून बघत होता.

नवी मूर्ती कल्याणच्या कारागिराने घडवली. तिच्या स्थापनेला या दोघांना बोलावणं नव्हतं. गोदूबाई तरीही गेली आणि दुपारी परत आली.

"कशी घडवलीय?" धोंडीबाने विचारलं.

"दिसली न्हाय," ती म्हणाली. "लई मागं उभी व्हते."