पाटावरचं खुरपं

नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी कोट्रप्पा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, हत्यारं द्या. उद्या घराण्याची समदी हत्यारं एका पाटावर पुजायची हायत."

निंबव्वा भुईमुगाच्या वेलाच्या शेंगा तोडत बसली होती. तिने मान वर केली नाही. हा दीर शेंबडा होता तेव्हापासून तिने त्याला भरवला होता, त्यामुळे तो गोड बोलायला लागला की काहीतरी मागायला आलाय हे तिला बरोबर कळे.

"पाच सालं झाली वायलं निघून. आजच घराणं आठवलं व्हय रं?"

"रीत हाय. थोरल्याची हत्यारं पाटावर नसली तर लोक काय म्हणतील?"

कसली रीत नि कसलं काय. गेल्या साली निंबव्वाच्या भुईमुगाच्या चार सऱ्या काढायच्या राहिल्या, शेंगांना जमिनीतच कोंब फुटले, आणि हे याने गावभर केलं. एकट्या बाईला रान आवरत नाही, मला कसायला द्या, म्हणून गावच्या पाटलांच्या, गौडांच्या पुढ्यात जाऊन बसला. गौडांनी तोड काढली. दसऱ्याच्या सांजेला सोनं म्हणून बन्नीची, शमीची पानं वाटायच्या आत वैनीचा सगळा भुईमूग निघाला तर रान तिच्याकडे राहील. एक सरी जरी राहिली तरी पुढच्या पेरणीपासून कोट्रप्पा कसेल. आता तिच्या आठ सऱ्या उरल्या होत्या. आणि पाटावर बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सांजेपर्यंत हलवायचं नसतं, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

निंबव्वाने सगळं ओळखलं. पण पूजेला हत्यार नाही म्हणणारी बाई गावाच्या तोंडी कायमची बसते. तिने कुदळ दिली, विळा दिला, शेवटी खुरपं दिलं. गावच्या लोहाराने, कम्माराने गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून घडवलेलं ते खुरपं वीस वर्षांचं होतं. मूठ तीनदा बदलली होती. रोज सकाळी ती ते डोळ्यांना लावायची, संध्याकाळी धुऊन पुसून कोनाड्यात ठेवताना "दमलं गं बाई माझं," म्हणायची. नवऱ्यामागे तेवढ्या तीन हत्यारांवर तिचं घर चाललं होतं. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दारची भाजी होती, आणि कुणापुढे हात नव्हता.

कोट्रप्पाचं उलटं. बैलांची जोडी विकून त्याने शेंगा काढायचं यंत्र आणलं होतं. शिवाय फवारायचं एक, कापायचं एक, आणि कशाचं ते त्यालाही न कळणारं एक. सगळी पोती पांघरून छपरात बसलेली. पाहुणा आला की पोतं उचलून दाखवायचं, पाहुणा गेला की पांघरायचं. बडा घर पोकळ वासा. त्याच्या बायकोला, शरणव्वाला, मात्र अजून मिरच्या पाट्यावरच वाटाव्या लागत.

नवमीला पहाटे हस्ताची भुरभुर येऊन गेली. काळी माती लोण्यासारखी झाली. निंबव्वा रिकाम्या हातांनी रानात गेली, वेल बुडाशी दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला. शेंगांचा घोस मातीसकट निघाला. ती स्वतःशीच हसली.

कपाळभर विभूती फासून कोट्रप्पा बांधावर आलाच. "वैनी, आज हत्याराला इसावा द्यायचा दिस. तुमी काम करताय?"

"दिला की इसावा. तुझ्याच पाटावर पडलंय."

"हात बी हत्यारच की."

"मग ते बी मागून न्यायचे हुतेस. अष्टमीला याद न्हाई झाली?"

तो पाय आपटत गेला. निंबव्वाने मागे वळून पाहिलंही नाही. त्या दिवशी पाच सऱ्या निघाल्या. नखांत माती गेली, बोटं चिरली. दसऱ्याला पहाटेपासून उरलेल्या तीन काढल्या, आणि दुपार कलली तेव्हा शेवटचा वेल ढिगावर पडला. आभाळ तोवर दक्षिणेकडून काळं होत आलं होतं.

सांजेला ती हत्यारं परत आणायला कोट्रप्पाच्या अंगणात गेली, तेव्हा बन्नीसाठी लोक तिथेच जमले होते. यंत्राला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. त्याचा चार एकर भुईमूग अजून जमिनीत होता. यंत्र असल्यावर घाई कशाची, असं तो महिनाभर सांगत होता. आता आभाळ बघून त्याने घाईघाईने दोरी ओढली. यंत्र खोकललं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. कधी डिझेलला नावं ठेवली, कधी दुकानदाराला. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी टाकीचं झाकण उघडलं तर आतून वेलदोड्याचा वास आला.

शरणव्वा पदर चावत पुढे आली. "बैलं हुती तवा सणाला गव्हाची गोड हुग्गी भरवत हुतो न्हवं? बैलं इकून ह्येच आणलं. झाकण उघडलं, तोंड दिसलं. तांब्याभर हुग्गी घातली. वरनं तूप बी."

जमलेले लोक पोट धरून हसले. निंबव्वा हसली नाही. त्या घरात राबणाऱ्याचे उपकार जाणणारी ही एकटीच निघाली, हे तिला तेव्हा कळलं, आणि इतकी वर्षं नवऱ्याच्या मापाने हिलाही मोजलं याची तिला लाज वाटली.

गौडा तिच्या रानावरूनच आले होते. "रान निंबव्वाचं," एवढंच म्हणून त्यांनी बन्नी वाटायला काढली.

कोट्रप्पाने दोन पानं घेतली आणि वहिनीच्या पाया पडला. "बन्नी घ्या वैनी, बंगारावानी, सोन्यावानी ऱ्हाऊ." मग उठता उठता हळूच म्हणाला, "तेवढं खुरपं चार दिस द्या की. पाऊस आला तर समदं कुजंल."

निंबव्वाने पाटावरचं खुरपं उचललं, डोळ्यांना लावलं आणि त्याच्या डोक्यावरून शरणव्वाकडे दिलं.

"हे तुला गं. तुला भरवायचं कळतं. धुऊन परत दे."

"आन मी?" कोट्रप्पा म्हणाला.

"तू हातानं उपट. हात बी हत्यारच की."

शरणव्वाने खुरपं आधी डोळ्यांना लावलं आणि मग कमरेला खोचलं. कोट्रप्पा आपले मऊ तळवे बघत उभा राहिला, तेवढ्यात छपरावर पहिले थेंब वाजले.