माझ्या प्लगला हात लावू नका

मी दोन नंबरचा राउटर बोलतोय. हो, तोच, ज्याला कोहमाऱ्याच्या या ऑनलाइन परीक्षा केंद्राचे मालक टेकचंदभाऊ 'बसून खाणारा' म्हणतात. म्हणोत!

कॉम्प्युटरांना बाहेरच्या जगात जायचं दार म्हणजे राउटर. इथे आम्ही दोघं. मोठा वरच्या फळीवर, मी खाली. आम्हाला बसवलं केंद्राचं नेटवर्क सांभाळणाऱ्या नीलाने. तिने साऱ्या कॉम्प्युटरांना दाराचा एकच पत्ता दिला आणि तो आम्हा दोघांत सामायिक ठेवला. मोठ्या राउटरने दर सेकंदाला मला कळवायचं, 'मी आहे.' तो सलग तीनदा गप्प राहिला, की काम माझं. तोवर मी नुसतं ऐकायचं. दोन वर्षं ऐकलं! ऐकणं हेही कामच, पण दिसतं कुणाला?

"हा कायले जागा अडवून राह्यला?" टेकचंदभाऊ विचारायचे.

"गाडीत स्टेपनी ठेवता ना भाऊ? तसाच हाये हा," नीला म्हणायची.

मे महिन्यात नर्सभरतीची परीक्षा होती. चौदा नंबरच्या कॉम्प्युटरवर सडक अर्जुनीची साक्षी. पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटचीच संधी.

तिच्या चाळिसाव्या प्रश्नाला मोठा गप्प झाला. एक, दोन, तीन सेकंद. लबाडाचे दिवे मात्र चालूच! मी काम उचललं. साक्षीने पुढचा प्रश्न उघडला. तिला काही कळलंही नाही.

तेवढ्यात टेकचंदभाऊ कूलरची वायर घेऊन आले. घामाघूम पोरी पाहून त्यांचा जीव कळवळला होता आणि हात आला थेट माझ्या प्लगवर. अहो, थांबा! मला तोंड नाही, दिवे आहेत. ते जिवाच्या आकांताने लुकलुकवले.

"भाऊ, हात लावू नोका!" नीला स्क्रीनपुढून उठून धावली.

"काऊन? पोरीईले गरम होऊन राह्यलं."

"मंग ह्याचा काढा." तिने सरळ मोठ्याचा प्लग उपटला.

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काचेतून परीक्षेच्या खोलीत पाहिलं. साक्षी शांतपणे उत्तर निवडत होती.

"बंद कसं नाई पडलं वो?"

"तो कव्हाचाच अडकला. हाच चालवून राह्यला."

मोठा आता दुरुस्त होऊन वर बसलाय. मी पुन्हा खाली, ऐकतोय. मला हार नको, वरची फळीही नको. फक्त कूलरसाठी दुसरा बोर्ड बसवून घ्या. साक्षीचं शेवटचं उत्तर माझ्यातून गेलं. तिला ते कधीच कळणार नाही. मला ठाऊक आहे, तेवढं बस्स!