भिंतीपलीकडचं पाणी

विजयमालाने पिंपावर चढून भिंतीवरून डोकं काढलं. पदरातून पाणी निथळत होतं.

"बाई, घरात कमरंएवढं पानी हाय. पोरं माळ्यावर चढवल्यात. ही भिंत फोडा."

वैजयंती छत्री सावरत आवारात उभी होती. वाशीतल्या त्या सोसायटीची ती सेक्रेटरी. मागे मार्केटमधल्या माथाडी कामगारांची बैठी घरं होती. चोऱ्या होतात म्हणून सोसायटीने गेल्या वर्षी मध्ये भिंत घातली. पूर्वी तिकडचं पाणी आवारातून समोरच्या तळ्यात उतरायचं; आता ते तिथेच तुंबलं होतं. खाडीला भरती होती, पाऊस थांबत नव्हता.

"मॅडम, महापालिकेला फोन केलाय," दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून जयप्रकाश म्हणाले. "भिंत फोडली तर पाणी आपल्याकडे येईल."

"आपल्याकडे म्हणजे माझ्याकडे. तळमजल्यावर मी राहते."

"म्हणूनच सांगतोय. मीटिंग तरी घ्या."

वैजयंती घरात गेली. गाद्या ओट्यावर चढवल्या, परगावी शिकणाऱ्या मुलाची, ऋषीची, पुस्तकं फ्रिजवर ठेवली. शिलाई मशीन एकटीला उचलेना. ते तसंच राहिलं. मग वॉचमनची पहार घेऊन ती बाहेर आली.

"पोरांना माळ्यावरच ठेवा," तिने विजयमालाला बजावलं.

तिच्या घावांनी नुसता गिलावा उडत होता. तेवढ्यात पलीकडूनही घाव बसू लागले. विजयमालाचा नवरा शहाजी आणि त्याचे सोबती पाण्यात उतरले होते. एक वीट निसटली, मग चार. वैजयंती बाजूला झाली. गढूळ लोंढा आवारातून तळ्याकडे धावला आणि जाता जाता तिच्या उंबऱ्यावरून आत शिरला. ती बघत उभी राहिली.

संध्याकाळी पाणी ओसरलं. विजयमाला खराटा घेऊन दारात आली.

"अहो, तुमचं घर?"

"तिथं आमी चौघीजणी हाय की. हितं तुमी एकट्या."

दोघींनी मिळून भिजलेलं मशीन पुसून पंख्याखाली ठेवलं. वैजयंतीने चहा टाकला.

रविवारी सभासदांनी भिंत पुन्हा बांधायचं ठरवलं. वैजयंतीने हरकत घेतली नाही. फक्त मध्ये मोकळी जागा सोडायला सांगितली. गवंडी जोतीराम विटा रचू लागला. जयप्रकाश शेजारीच उभे होते.

"पान्यापुरतं भोक ठेवू ना, बाई?" जोतीरामने विचारलं.

"भोक नको. दोन बायका बोलत बोलत शेजारी चालतील, एवढी वाट ठेव."

जोतीरामने जयप्रकाशांकडे पाहिलं. त्यांनी वाकून वाटेतल्या दोन विटा उचलल्या आणि कडेला ठेवल्या.