रूळ केंद्राचे, रस्ता राज्याचा

“साहेब, भांडण नंतर! आधी रूळ सोडा, गाडी येतेय!”

आत्या ओरडली आणि दोन सरकारं दोन बाजूंना पळाली. खरंच सांगते! टायवाले केंद्राचे साहेब फाटकाच्या अलीकडे, चष्मेवाले राज्याचे साहेब पलीकडे. मधून मालगाडी धडधडत गेली आणि आत्या नेहमीसारखी हिरवी झेंडी धरून, शेवटचा डबा जाईपर्यंत ताठ उभी राहिली.

माझी आत्या फाटकवाली. बावीस वर्षं ती रेल्वेचं हे फाटक पाडतेय आणि उघडतेय. फाटक पडलं की वस्ती एकीकडे, शाळा आणि दवाखाना दुसरीकडे. दिवसातून चाळीस वेळा! म्हणून रुळांखालून भुयारी रस्ता हवा, असं वस्ती सात वर्षं ओरडत होती. केंद्र म्हणायचं, रस्ता तुमचा, तुम्ही बांधा. राज्य म्हणायचं, रूळ तुमचे, तुम्ही खणा. त्या दिवशी दोघं एकदाचे एकत्र पाहणीला आले होते.

गाडी गेली आणि पुन्हा जुंपली. शेवटी एकाच गोष्टीवर त्यांचं जमलं.

“मुळात इथून माणसं जातात किती? दोन-तीनशे? त्यासाठी भुयार कशाला! आहे ते फाटक राहू दे.”

माझा जीव भांड्यात पडला. कारण भुयार झालं की फाटक बंद, आणि फाटक बंद झालं की आत्याची बदली, कुठेतरी लांब. आत्या आमच्याकडेच राहायची. तिच्याशिवायचं घर मी पाहिलंच नव्हतं.

“दोन-तीनशे नाही, साहेब,” आत्या म्हणाली. “रोज चौदाशेच्या वर. महिनाभर मोजतेय मी.”

तिने वही पुढे केली. शाळेची पोरं वेगळी, म्हातारीकोतारी वेगळी, पोटुशा बायकासुद्धा वेगळ्या मांडलेल्या!

टायवाल्यांनी पानं उलटली. “बाई, भुयार झालं तर इथलं तुमचं काम जाईल. कळतंय ना?”

“कळतंय की. बावीस वर्षं लोकांना थांबवायचाच पगार घेतला, साहेब. आता जाऊ द्या त्यांना.”

टायवाल्यांनी वही चष्मेवाल्यांच्या हातात दिली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि रडूही आलं.

घरी आल्यावर मी तणतणले, “आत्या, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास!”

“तू दुसरीत होतीस,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली. “परीक्षेला उशीर झाला म्हणून फाटकाशी हमसून हमसून रडत होतीस. ते फाटक कोणी पाडलं होतं, सांग?”

मी तिच्यापुढची विळी ओढली आणि उरलेली भाजी चिरायला बसले.

अर्धा खर्च तुमचा, अर्धा आमचा, हे ठरायलाच अकरा महिने गेले. सरकारं ती! पण भुयार झालं.

ते उघडलं त्या सकाळी पोरं आत शिरून नुसती कू-कू करत होती, आवाज घुमतो म्हणून. आत्या बदलीच्या गावी निघाली होती. तिची बॅग माझ्या हातात. आम्ही मध्यावर आलो आणि डोक्यावरून गाडी धडधडली. कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. आत्या मात्र जागच्या जागी थांबली, पाठ ताठ केली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तशीच उभी राहिली.