नववीचं चौथं पुस्तक

"म्हणजे तो मुलगा शेवटी पास होतच नाही?" मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"नाही होत, सर. पण सावरतो. सायकलच्या दुकानात रमतो, बापाशी पुन्हा बोलायला लागतो..."

"अहो बाई, दहावीच्या उंबरठ्यावरच्या पोरांच्या हातात नापासाची गोष्ट द्यायची? उद्या पालक माझ्या डोक्यावर बसतील!"

पुस्तक-निवड समितीतले गणिताचे सर खो खो हसले. भाषेच्या बाईंनी ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं. सुट्टीभर त्यांनी एकतीस पुस्तकं वाचून काढली होती. घरात नवरा म्हणायचा, "तुझ्याशी बोलायला आता मलाही पुस्तकच व्हावं लागणार."

नववीच्या अवांतर वाचनाला चार पुस्तकं लागायची आणि गेली सतरा वर्षं तीच चार चालत आली होती. चारही पुस्तकांत एक हुशार मुलगा, एक कडक बाप, एक सोशिक आई आणि शेवटी पहिला नंबर. वर्गात बेचाळीस जण. त्यांतल्या निम्म्या तर मुलीच, आणि उरलेल्यांत पहिला नंबर येऊन येऊन येणार एकाचा. चारांतलं निदान एक तरी बदलावं म्हणून बाई सलग तिसऱ्या वर्षी समितीपुढे घसा कोरडा करत होत्या.

दुसऱ्या पुस्तकातल्या मुलीचे आईवडील वेगळे राहत होते. "आपण घरं मोडायला शिकवायचं का?" तिसऱ्यातल्या मुलीला पाळी येते, त्या पानावर पालक-प्रतिनिधी बाईंनी पुस्तक असं मिटलं, जणू बोटाला चटका बसला. चौथ्यातला मुलगा बहिरा होता. ते छान होतं म्हणे, पण फार जाड. शेवटी तळाशी एक बारकं पुस्तक उरलं. सफाई कामगार बाईची मुलगी जिद्दीनं शिकते, शिष्यवृत्ती मिळवते.

"हे बघा, हे कसं प्रेरणादायी!" पालक-प्रतिनिधी म्हणाल्या. मंजूर झालं.

बाई मनातून हरखल्या. नववीत खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे आली होती. शाळेतल्या सफाईवाल्या मावशींची लेक. वाचनाच्या तासाला सदा खाली मान घालून बसणारी. आता तरी ती मान वर करेल, असं बाईंना वाटलं.

पुस्तक वर्गात आलं आणि तिनं मान आणखीच खाली घातली. तिसऱ्या तासाला बाईंनी तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं, तर ती उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर मात्र आपणहून टेबलापाशी आली.

"बाई, हे पुस्तक तुम्ही माझ्यासाठी घेतलंत ना?"

बाई गडबडल्या. "सगळ्यांसाठी घेतलंय गं."

"मग सगळे माझ्याकडेच का बघतात? आता मला त्या पुस्तकातल्या मुलीच्या नावानं हाका मारतात." ती बोलतच राहिली. "आणि त्यातली आई सारखी रडते. माझी आई नाही रडत. जिना पुसताना शिट्टी वाजवते. ओल्या फरशीवर पाय दिला तर हेडसरांनासुद्धा सुनावते."

इतकी वर्षं भांडून मिळवलेलं एक पुस्तक, आणि तेही या पोरीच्या अंगावर येऊन पडलं होतं.

"मग तुला कसलं हवं होतं?"

"वाचनालयात तुमचा गठ्ठा होता, त्यातलं मी एक नेलं होतं. नापास होतो तो मुलगा. दोनदा वाचलं."

"काय आवडलं त्यात?"

"तो कुणीच होत नाही, बाई. तरी त्याची गोष्ट आहे." ती टेबलाच्या कडेवर नख घासत राहिली. "मी काही पहिली-बिहिली येणार नाही. मला वाटायचं, तसं असेल तर मग आपलं सांगण्यासारखं काहीच नसतं."

बाई एकदम पुढे झुकल्या. "हे एवढंच समितीपुढे सांगशील?"

"नको! माझं नावसुद्धा घेऊ नका. आत्ता झालंय तेवढं पुरे झालं."

"नाही घेणार," बाई म्हणाल्या.

वर्षअखेरीला समिती पुन्हा बसली. बाईंनी तेच नापास मुलाचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"पुन्हा?" मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

"या वेळी मुलांकडून मागणी आहे, सर."

"कुणाची? नाव सांगा, आत्ता बोलावून घेऊ. पाच मिनिटांचं काम."

पालक-प्रतिनिधी कौतुकानं पुढे सरसावून बसल्या. ती मुलगी इथे उभी राहून दोन वाक्यं बोलली असती तर त्यांनीच पहिली टाळी वाजवली असती, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. नाव अगदी जिभेवर आलं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि दोन घोट घेतले.

"नाव नाही सांगता येणार."

"मग मागणी तुमचीच म्हणायची की!" गणिताचे सर म्हणाले.

"आणि गेल्या वेळचं तुमचं ते पुस्तकही वर्गात चाललं नाही, असं कानावर आलंय," मुख्याध्यापक जरा मऊ आवाजात म्हणाले. "राग मानू नका बाई, पण आपली जुनी चारच बरी. कुणाची तक्रार नाही, काही नाही."

बाईंकडे दहा उत्तरं तयार होती. पण त्यांतलं कुठलंही दिलं तरी ते त्या मुलीपर्यंतच जाऊन पोचलं असतं.

"यादी तुम्हीच लिहा," मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे केला. "तुमच्यासारखं अक्षर इथे कुणाचं नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. एक, दोन, तीन अशी नावं एकाखाली एक उतरली. चौथ्यापाशी हात थांबला.

"काय, विसरलात?"

"नाही सर. पाठ आहे."

त्यांनी ते जुनंच चौथं नाव लिहिलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. मग कागद सहीसाठी मुख्याध्यापकांकडे सरकवला.