दुसऱ्या रांगेतली खुर्ची

गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या माणसांनी सोलापुरात वाद्यवृंद उभा केला, हे पुण्याच्या लोकांना खरं वाटत नसे. पहिले मास्तर मानसिंग, पोलीस बँडातून निवृत्त झालेले. जॉबर म्हणजे गिरणीतले मुकादम, कारकून, विणकर अशांना त्यांनी नोटेशन वाचायला शिकवलं. मग येडू मास्तर आले. ते चिडले की तेलुगूत बोलत, आणि ते सगळ्यांना समजे. तिसरे मल्लप्पा.

मास्तर बदलायची मंडळाची एक रीत होती. हात थकला असं मास्तरांना स्वतःला वाटलं, की ते आपल्या हातानं व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेत एक खुर्ची ठेवत आणि तिथं जाऊन बसत. भाषण नाही, हार नाही. मानसिंगांनी तसंच केलं, येडू मास्तरांनीही. दुसऱ्या कुणी ती खुर्ची ठेवायची नसते, हे नव्या वादकालाही सांगावं लागत नसे.

शहात्तर सालच्या वार्षिक कार्यक्रमाला मल्लप्पा मंचावर आले, तेव्हा खुर्ची ठेवलेली होती.

कुणी नवा वादक आला असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग समोरच्या चौथऱ्यावर त्यांना शिवशरण दिसला. क्लॅरिनेट वाजवणारा शिवशरण, ज्याला त्यांनी घरी जेवू घालून शिकवलं होतं. त्याच्या हातात वाद्यवृंदाला ताल द्यायची मास्तरांची काठी होती.

"कुणी ठेवली ही?"

ट्रम्पेटवाला बसप्पा आपलं वाद्य पुसत राहिला. शेवटी चेलोवाला बिरप्पा बोलला, "बसा की मास्तर. लोक आलेत. गेल्या खेपंला तुमचा हात लई कापत हुता."

"मला दिसत नव्हता व्हय?"

"दिसला असता तर खुर्ची तुमीच ठेवली असती की."

मागे कुणीतरी हसलं. पडदा सरकू लागला. मल्लप्पांनी नेहमी सोबत असणारं व्हायोलिन पेटीतून काढलं आणि ते बसले.

रचना त्यांचीच होती. मध्ये संथ भाग संपून एकदम द्रुत सुरू होई, आणि नेमका तिथं शिवशरणचा हात अडखळला. सगळ्यांच्या नजरा सवयीनं मल्लप्पांना शोधत दुसऱ्या रांगेकडे वळल्या. शिवशरणचीही. गज मांडीवर ठेवावा, बुडू दे सगळं, असं मल्लप्पांच्या मनात आलं. पण सूर त्यांचे होते. त्यांनी मान हलवून गज ओढला आणि सगळे मागोमाग आले.

टाळ्या शिवशरणला मिळाल्या. पडद्यामागं तो पाया पडायला वाकला, तसे मल्लप्पांनी पाय मागे घेतले.

"तूच ठेवलीस?"

"व्हय. इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हणाला असता की."

"म्हणालो असतो. वर्षभर म्हणालो असतो, मग माझ्या हातानं ठेवली असती."

"आन् ते वर्षभर मंडळानं काय करायचं, मास्तर?"

व्हायोलिन पेटीत घालून ते निघाले.

सोमवारच्या तालमीला ते गेले नाहीत. बिरप्पा बोलवायला आला, तेव्हा त्यांनी बायकोला, काशम्माला, बाहेर पाठवलं. "घरात न्हाईत," ती म्हणाली. बिरप्पाच्या चपला वाजेनाशा होईपर्यंत मल्लप्पा आतल्या खोलीत दाराला टेकून उभे होते.