न सुजलेली टाच

बाभळीचा काटा रुख्मिणीबाईंच्या टाचेत मोडला त्याला पाच दिवस झाले. शेजारच्या सत्यभामाबाईंनी काटा काढला आणि रिवाजाप्रमाणे वर गरम बिब्बा लावला. बिब्ब्याने भल्याभल्यांचा पाय टरारून फुगतो. यांचा फुगला नाही, म्हणून देऊळघाटची सगळी आळी खूश.

"मानवला बिब्बा तुह्या मायले," सत्यभामाबाई प्राचीला म्हणाल्या. "सूज नाई, पू नाई. तू काऊन घाबरून राह्यली व?"

प्राचीला सांगता येईना. आईचं अंग तापलेलं, पाऊल टेकवत नाही, आणि टाच मात्र काही झालंच नाही अशी. तिला त्या टाचेचा रागच आला. शेवटी आईचं रक्त काढून ती बुलढाण्याला, स्वतः कामाला होती त्या लॅबमध्ये घेऊन गेली. बसमध्ये चारदा तिने नळी काढून पाहिली.

पांढऱ्या पेशी एकोणीस हजार, कमाल मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट! जखम रसायनं सोडून हाका मारते. मग रक्तवाहिनीच्या भिंती सैल होतात, पाणी झिरपतं, पेशी भिंतीला चिकटतात आणि फटीतून जखमेकडे निघतात. तीच सूज, तोच पू. इथे पेशी रक्तातच नुसत्या फिरत होत्या. हाक दाबणारं काहीतरी आईच्या पोटात जात होतं.

ते काय, हे प्राचीला लगेच कळलं. आईच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी एक छोटी गोळी चार महिने तीच आणत होती, दुकानदार ओळखीचा म्हणून चिठ्ठीशिवाय. आई पुन्हा वांग्याच्या मळ्यात भराभर चालू लागली, तेव्हा हिने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

त्याच दुपारी दवाखान्यात तिने गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी टाच चिरली. आत खोलवर सडलं होतं.

"पाय वाचेल की नाही, आत्ता सांगत नाही. हे गोळीतलं स्टेरॉइड कुणी दिलं?"

"म्याच आणलं, साहेब," रुख्मिणीबाई झटक्यात म्हणाल्या. "पोरीले काई मालूम नाई."

प्राची गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची तिला अतोनात लाज वाटली.

डॉक्टरांनी गोळी एकदम बंद न करता कमी करत आणली, सलाइनमधून औषधं सुरू केली. दोन दिवस प्राची खाटेभोवती येरझारा घालत होती. दर तासाला पट्टीच्या कडेने बोट लावून पाहायची.

तिसऱ्या सकाळी आई कण्हली. "लय ठणकून राह्यलं व."

पट्टीच्या कडेने टाच लाल, गरम, चांगली फुगलेली. हाक पोचली होती. प्राचीला रडू फुटलं.

"सुजली, मा! सुजली!"

"मंग रडतं काऊन?"

डॉक्टर दारात आले होते. डोळे न पुसताच प्राची म्हणाली, "साहेब, ती गोळी मी आणली होती."